कंपनीत गाय, घरात वाघ : ही कसली लीनता?

सेटर_शिरोली

सगळ्यांना सलाम.

प्रश्न लांबडा आहे, आधीच सांगतो. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला सीएनसी सेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन लावून देणारा. वय 37. घरी आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. रविवारची उपासना सहसा चुकत नाही. कॉयरमध्येही आहे. आवाज बरा आहे म्हणून नव्हे, पुरुष कमी पडतात म्हणून घेतलंय.

चार-पाच महिने झाले, आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशाला बायबलातलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र घेतलंय. चारच अध्यायांचं पत्र, पण ते दर रविवारी चार-पाच वचनंच घेतात, त्यामुळं चाललंय निवांत. दुसऱ्या अध्यायात आलं की लीनतेनं दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. चौथ्यात आलं की सर्वदा आनंद करा. चर्चमध्ये ऐकताना पटतं, डोळ्यात पाणीसुद्धा येतं. सोमवारी फर्स्ट शिफ्टला मशीनपुढं उभारलो की त्याचं करायचं काय, हेच कळत नाही.

झालं ते असं. माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, कागलकडचा, विशीतला, कॉन्ट्रॅक्टवर. एका रात्री त्यानं बोअरचं, म्हणजे कास्टिंगमधलं भोक कापायचं, इन्सर्ट बदललं. पहिला जॉब, म्हणजे पहिला नग, तीस मायक्रॉन वर आला, भोक तेवढं मोठं. मग वेअर ऑफसेटला, म्हणजे मशीनमधल्या दुरुस्तीच्या आकड्याला, मायनस तीस टाकायचे. यानं प्लस टाकले. वर मापाचं गेज न लावता 22 जॉब काढले. मी तेव्हा चहाला गेलो होतो. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी : बोअर लहान राहिला तर परत लावून काढता येतो. मोठा झाला की संपलं, कास्टिंग भंगारात.

सकाळी साहेबांनी विचारलं, कोणी केलं? पोरगा भिंतीकडं बघत होता. मी म्हटलं, "माझ्याकडून झालं साहेब." आदल्याच रविवारी ते श्रेष्ठ मानण्याचं वचन झालं होतं, ते डोक्यात होतं. पोराची नोकरी गेली असती. माझ्या पगारातून 3,500 कापले.

इथपर्यंत मला बरं वाटत होतं. पण पंधरा दिवसांनी त्या पोरानं परत तेच केलं, सहा जॉब गेले. वर बाकीच्यांना सांगतोय की मागच्या वेळी सेटरनंच घोळ घातला होता! आता शॉपमध्ये सगळे मला "पास्टर" म्हणतात. कोणाची ओव्हरटाईमची पाळी असली की माझ्या गळ्यात. एकजण तर तोंडावर म्हणाला, "तुमच्यात दुसरा गाल पुढं करतात न्हवं? मग रविवारी तूच ये." मी हसून गप्प बसतो.

आणि घरी गेलो की उंबऱ्यातच सुरू होतो. चप्पल इथं का, डबा असाच का पडलाय, टीव्हीचा आवाज एवढा का. आईवर ओरडलो मागच्या आठवड्यात, चहात साखर कमी होती म्हणून. माझी गाडी वाजली की मुलगी आतल्या खोलीत जाऊन बसते. हे मला बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं.

तर प्रश्न असा की कंपनीत मी जे करतोय ती लीनता आहे, का नुसतं भित्रेपण? लीनता असेल तर तिच्या मागनं आनंद का येत नाही? गाणी म्हणताना माझ्या डोक्यात गाडीचा हप्ता चालू असतो.

---

बावड्याचा_पैलवान

भावा, मी तुमच्या धर्मातला न्हाई, पण एक सांगतो. दुसरा गाल फुडं केलास, ठीक हाय. तिसरा गाल नसतोय. त्या पोराला उभा आडवा घे एकदा, मग बघ आनंद येतोय का न्हाई.

---

निवृत्त_सिस्टर

बाळा, पैलवानाचं ऐकू नकोस. पण तो म्हणतो त्यात थोडं आहे.

मी 68 वर्षांची. 1978 ला मिरजेला वॉनलेस हॉस्पिटलला नर्सिंग शिकायला गेले, नंतर उभा जन्म वॉर्डात काढला. आमच्या ट्यूटरबाई एक गोष्ट शिकवायच्या. बेडपॅन उचलताना पेशंट तुमच्या हाताकडं बघत नाही, तोंडाकडं बघतो. काम तर सगळ्याच करतात, तोंड वाकडं न करता करणारी दहात एक. ते मला वॉर्डात जमलं. चर्चच्या महिला मंडळात मात्र अजिबात जमलं नाही, म्हणून तुला सांगायचा मला हक्क आहे असं समजते.

आधी तुझं. तू साहेबाला खोटं सांगितलंस. पोराला वाचवायला सांगितलंस, पण खोटंच ना? लीनता म्हणजे दुसऱ्याची चूक आपल्या नावावर लावून घेणं, हे कुठल्या वचनात आहे मला दाखव. आणि पोराला वाचवलंस म्हणतोस, तर त्या पंधरा दिवसांत एकदा तरी त्याच्या हातात ते गेज दिलंस का? त्याला जवळ बसवून "हे बघ, इथं प्लस-मायनस उलटं पडलं" असं सांगितलंस का? नाही सांगितलंस, हे तुझ्या लिहिण्यातच दिसतंय. मग त्याला खरंच वाटलं की घोळ तुझाच. तो काय शिकणार, कपाळ?

आणखी एक विचारते, रागावू नकोस. ही गोष्ट घरी बायकोला किती वेळा सांगितलीस?

आता माझं ऐक. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये भांड्यांचं एक लोखंडी कपाट आहे. मोठी पातेली, पराती, पळे, सगळं त्यात. त्याची किल्ली वर्षानुवर्षं एका बाईकडं असायची. मी मंडळाची अध्यक्ष झाले आणि मला ते खुपायला लागलं. दर वेळी तिच्याकडं किल्ली मागायला जायचं म्हणजे काय! मी काय केलं, कुलूपच बदललं. नवी किल्ली माझ्या पर्समध्ये. ती बाई एक शब्द बोलली नाही, फक्त माझ्याशी बोलायची बंद झाली. अकरा वर्षं. प्रभूभोजनाला आम्ही एकाच रांगेत बसायचो आणि प्याला पुढं देताना एकमेकींकडं बघायचो नाही. त्या अकरा वर्षांत लीनतेवर मी महिला मंडळात तीन वेळा बोललेय. लोकांनी कौतुकही केलं.

मग 2019 चा ऑगस्ट. तुम्हा कोल्हापूरकरांना काय सांगायचं. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 च्या वर गेलं. हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. एवढं पाणी चोहीकडं आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच पाण्यात. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. बोटीतून बाहेर काढलं आम्हाला. नेसत्या साडीवर हॉलमध्ये आले. तिथं आधीच पन्नासएक माणसं, कुठली कुठली, आमच्या मंडळीतली निम्मीसुद्धा नव्हती. पोरं रडायलेली. तांदूळ-पीठ कोणीतरी आणून टाकलेलं. आणि शिजवायला भांडं नाही, कारण किल्ली माझ्या पर्समध्ये आणि पर्स घरात, छातीएवढ्या पाण्यात.

सगळे माझ्याकडं बघतायत. मला वाटलं जमीन दुभंगावी.

एवढ्यात ती बाई आली. राजारामपुरीत तिचं घर, तिथं पाणी नव्हतं. रिक्षात मुलीच्या लग्नातली दोन पातेली, परात, तवा आणि मागं तिचा नवरा स्टोव्ह धरून. माझ्याकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं. काही बोलली असती तर बरं झालं असतं. बोलली नाही. पदर खोचला आणि पीठ मळायला बसली.

मी शेजारी बसले. दुसरं करणार काय? पहिली भाकरी थापली ती तव्यावर टाकताना तुटली. ती म्हणाली, "सिस्टर, पाणी जास्त झालंय." अकरा वर्षांनी पहिलं वाक्य! माझ्या जिभेवर आलं होतं की भाकरी मला तू शिकवणार? पण खरंच पाणी जास्त झालं होतं. मी म्हटलं, "व्हय, झालंय. थोडं पीठ द्या." बाळा, माझ्या आयुष्यातली लीनता काय असेल ती एवढीच. थोडं पीठ द्या.

रात्री सगळे झोपल्यावर टँकरच्या अर्ध्या बादलीत आम्ही दोघी पातेली घासत होतो. राखेनं. मी म्हटलं, "कुलूप मी बदललं ते चुकलं." ती म्हणाली, "माहीत आहे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण कुलूप चांगल्या कंपनीचं घेतलंत, तुटता तुटत नव्हतं." कारण संध्याकाळी पोरं हातोडी घेऊन त्याच्याशी तासभर झटत होती आणि ते काही उघडत नव्हतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की एक म्हातारे गृहस्थ उठून ओरडले. घरात छातीएवढं पाणी, गादी-कपाट-फ्रीज सगळं गेलेलं, आणि मी हसतेय. आनंद म्हणतात तो मला तिथं भेटला, मोरीत.

तुझे पाळकसाहेब पुढं चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन बायकांवर थांबले का नाही, माहीत नाही. बरेचजण घाईनं पुढं जातात. युवदीया आणि सुंतुखे. "सर्वदा आनंद करा" च्या अगदी आधी. दोघी पौलाबरोबर राबलेल्या, आणि दोघींचं काहीतरी बिनसलेलं. बेड्यांत असलेला पौल तिथून त्या दोघींना नावं घेऊन विनवतोय, एक व्हा म्हणून. चूक कोणाची ते लिहीत नाही. मला तर नेहमी वाटतं, त्यांच्यातही कपाटाचंच काहीतरी असणार.

---

सेटर_शिरोली

सिस्टर, बायकोला तीनदा सांगितली. आईला एकदा. कॉयरमधल्या एकालाही सांगितली, नाव न घेता. वाचून कान गरम झाले.

पण एक सांगा, खरं सांगितलं असतं आणि पोराला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं तर? त्याच्या घरी वडील नाहीत.

---

जुना_पाळक

सेटर भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे. सिस्टरांशी मी सहमत आहे, पण खरं बोलण्याची किंमत कधी कधी दुसऱ्यालाच मोजावी लागते. तेव्हा खरं सांगायचं आणि त्याच्या बाजूनं उभंही राहायचं. "चूक त्याची, लक्ष ठेवायचं काम माझं, त्याला शिकवतो, एक संधी द्या." या वाक्यात खोटं काही नाही आणि पोराला एकटंही सोडलेलं नाही.

तुम्ही फिलिप्पैकरांचं पत्र ऐकताय म्हणून एक सुचवतो. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय घरी बसून सावकाश वाचा. त्याच फिलिप्पै गावात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय भर चौकात छड्यांनी मारलं आणि तुरुंगात खोड्यात घातलं. मध्यरात्री ते गाणी म्हणत होते, हे सगळ्यांना पाठ असतं. भूकंप झाला, दारं उघडली, कैदी पळाले असं समजून तुरुंगाधिकारी तलवारीनं जीव द्यायला निघाला, तेव्हा पौलानं ओरडून त्याला थांबवलं. मग त्यानंच त्या रात्री यांच्या जखमा धुतल्या आणि जेवू घातलं, हेही आठवतं.

सकाळचं मात्र आपण विसरतो. अधिकाऱ्यांनी शिपायांबरोबर निरोप धाडला की त्या माणसांना सोडा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले! फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिक वसवलेलं गाव. नागरिकत्वाचा तोरा तिथं मोठा. पौल तिथून नुसताच निघून गेला असता, तर मागं राहिलेल्या, लुदिया नावाच्या बाईच्या घरच्या मंडळीला गावानं काय समजलं असतं? हा माझा तर्क आहे, वचनात तसं लिहिलेलं नाही. पण ज्यानं पुढं त्याच गावाला लीनतेचं पत्र लिहिलं तो हाच माणूस, हे विसरू नका.

त्या काळच्या ग्रीक बोलण्यात लीन हा शब्द गुलामाला लावायचे, हलक्या अर्थानं. मुक्त माणसानं तो अंगाला लावून घ्यायचा नाही. पौलानं तो ख्रिस्ताच्या गोष्टीला जोडला : ज्याच्याकडं सगळं होतं त्यानं आपण होऊन स्वतःला रिक्त केलं. "आपण होऊन" याच्यावर माझा भर आहे. ओव्हरटाईम तुम्ही आपण होऊन घेता का कोणी गळ्यात मारतं, ते बघा. गळ्यात मारलेल्याचा राग घरी निघतो. माझाही निघायचा. चर्चच्या पंचकमिटीपुढं मी मेणाहून मऊ असायचो. माझ्या बायकोला विचारा घरी काय असायचो.

---

माळकरी_फुलेवाडी

मध्येच बोलतो, माफी असावी. आमच्या वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. सासरा जावयाच्या पडतो, म्हातारा पोराच्या पडतो. पहिल्या वर्षी मला फार ग्वाड वाटलं. घरी आलो, थोरल्या भावाशी बांधाचा वाद होता, त्याच्या पाया काय पडवंना. अनोळखी माणसापुढं वाकायला काय लागतंय? घरातल्या माणसापुढं वाकताना कंबर धरती. तुमचंबी तेच दिसतंय, फक्त उलट्या बाजूनं.

---

बावड्याचा_पैलवान

सिस्टर, भाकरीचं वाचून भूक लागली. ते कुलूप शेवटी तुटलं का न्हाई?

---

निवृत्त_सिस्टर

दुसऱ्या दिवशी तुटलं. नवीन आणलं. किल्ली आता मोरीजवळच्या खिळ्याला असते, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी. त्यापायी दोन पळे आणि एक झारा हरवलाय. ती म्हणते माझ्यामुळं, मी म्हणते तिच्यामुळं.

---

सेटर_शिरोली

पंधरा-वीस दिवसांनी लिहितोय. 

आधी पोराला गाठलं. चहाच्या सुट्टीत, मशीनमागं. भंगारात जायच्या सहापैकी एक जॉब मी बाजूला ठेवला होता, तो आणि बोअर गेज त्याच्या हातात दिलं. म्हटलं लाव. काटा कुठं फिरतोय बघ. त्यानं दोनदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. मग म्हणाला, "दादा, म्हणजे त्या रात्रीचं मीच." मी म्हटलं, व्हय, तूच. आणि गप्प बसून मीही तेवढंच चुकलो. तो रडला नाही, पण गेज केसमध्ये ठेवताना त्याचा हात हलत होता. 

दुसऱ्या दिवशी दोघं साहेबांकडं गेलो. जुना पाळक यांचं वाक्य मी जवळजवळ पाठ केलं होतं, पण तिथं उभारल्यावर निम्मं विसरलो. साहेब माझ्यावरच भडकले, "मग तेव्हा का बोलला नाहीस? मला काय खुळा समजतोस?" बरोबर होतं त्यांचं. पोराला काढलं नाही. आठ दिवस डिबरिंगला, म्हणजे जॉबच्या कडा घासायला टाकलं, आता परत मशीनवर आहे. दर पाचव्या जॉबला गेज लावतो. जरा जास्तच लावतो, प्रॉडक्शन कमी पडायलंय, त्यावरनं वेगळं ऐकून घेतोय मी.

बाहेर पडताना सोळावा अध्याय आठवला, परत मागं वळलो. म्हटलं, "साहेब, माझे 3,500?" साहेब म्हणाले बघू. अजून बघायलेत. 

"पास्टर" नाव काही गेलं नाही. पण परवा रविवारच्या ओव्हरटाईमला मी नाही म्हटलं. उपासना आहे म्हणून नव्हे, माझी पाळी नाही म्हणून. तो माणूस दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तंबाखू मळता मळता स्वतःच आला, मुलाच्या आयटीआयच्या ॲडमिशनचं विचारायला.

घरचं सांगायला थोडी लाज वाटते. माळकरी दादा म्हणतात तसंच आहे, कंबर धरते. आईची माफी मागायला चार दिवस लागले. ती म्हणाली साखर खरंच कमी होती रे. एकदोनदा परत आवाज चढला. पण काल फर्स्ट शिफ्ट करून आलो, गाडी लावली, चप्पल जागेवर ठेवली, काही न बोलता आत जाऊन डबा घासायला घेतला. बायको दारात येऊन बघत राहिली. म्हणाली, "काय केलंयस काय कंपनीत?" 

मुलगी आतल्या खोलीच्या पडद्यामागनं डोकावली. तिनं हळूच विचारलं, "पप्पा, आज कंपनी बंद होती?"